पाड्याला 'पेसा' गाव म्हणून मान्यता: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

अनुसूचित क्षेत्रातील, म्हणजे राज्यघटनेनुसार जाहीर केलेल्या आदिवासीबहुल भागातील, एका ग्रामपंचायतीत बरेचदा तीन-चार महसुली गावे आणि डोंगरउतारावर विखुरलेले अनेक पाडे असतात, पण ग्रामसभा भरते ती ग्रामपंचायत कार्यालय असलेल्या गावी. पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथे पोहोचणे ज्यांना जमत नाही, त्यांच्या जंगलाचे आणि पाणवठ्याचे निर्णय त्यांच्या गैरहजेरीत होतात. यावरचा उपाय कायद्यातच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायत राज अनुसूचित क्षेत्रांत लागू करणाऱ्या कायद्याने, गावाची व्याख्या महसुली दप्तरावरून न करता, परंपरेनुसार आपला कारभार चालवणाऱ्या वस्तीवरून केली. महाराष्ट्राने ४ मार्च २०१४ रोजी लागू केलेल्या नियमांत अशा वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची पद्धत दिली आहे.

पात्रतेची पहिली अट म्हणजे पाडा अनुसूचित क्षेत्रात असावा. राज्यातील १३ जिल्ह्यांत असे क्षेत्र आहे, मात्र काही तालुके त्यात अंशतःच येतात. त्यामुळे तालुक्याच्या नावावर विसंबून न राहता आपल्या महसुली गावाचे नाव १९८५ च्या अनुसूचित क्षेत्र आदेशात आहे का, हे आधी पाहावे. दुसरी अट अशी की, पाड्यातील निम्म्याहून अधिक मतदारांनी स्वतंत्र गावाच्या मागणीचा ठराव केलेला असावा. एकच पाडा किंवा एकत्र नांदणारे दोन-तीन पाडे मिळूनही अशी मागणी करू शकतात.

ठरावासोबत बैठकीचे इतिवृत्त, उपस्थितांच्या सह्या किंवा अंगठे, मतदार यादीची प्रत आणि हद्दीचा नकाशा जोडावा. मतदार यादीत शेजारच्या पाड्यांची नावे मिसळलेली असतात. आपल्या पाड्याची नावे खूण करून वेगळी काढल्याशिवाय निम्म्याहून अधिक म्हणजे नेमके किती, हेच सांगता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ हद्दीला द्यावा, कारण प्रस्ताव अडतो तो बहुधा तिथेच. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्यावी आणि जाणत्या माणसांना बरोबर घेऊन शिव प्रत्यक्ष फिरावी. ओढा कुठे वळतो, गावदेवाची जागा कोणती, स्मशानभूमी, गुरे चारण्याचा माळ, मोह आणि तेंदू गोळा करण्याचे जंगल कुठवर, हे जागेवरच टिपून घ्यावे. एखाद्या पाणवठ्यावर दोन पाड्यांची वहिवाट असेल, तर ती एकाच्या हद्दीत दाखवून मोकळे होऊ नये. शेजाऱ्यांना बोलावून दोघांचा वापर चालू राहील असे इतिवृत्तात लिहावे आणि त्यावर त्यांच्याही सह्या घ्याव्यात. हे काम चावडीवर बसून होत नाही, आणि चुकीची शिव पुढे वर्षानुवर्षे भांडणाचे मूळ ठरते.

पूर्ण प्रस्ताव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात, द्यावा आणि तारखेसह पोच घ्यावी. एक प्रत ग्रामपंचायतीलाही द्यावी. प्रांताधिकारी आधी कळवलेल्या तारखेला वस्तीला भेट देऊन लोकांची मागणी आणि हद्द पडताळतात, आणि नंतर प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. भेटीच्या दिवशी पाड्यातील जास्तीत जास्त मतदार, विशेषतः स्त्रिया, हजर राहतील हे पाहावे, कारण जंगलातील वाटा आणि पाणवठे त्यांच्या रोजच्या पायाखालचे असतात.

ही मान्यता म्हणजे नवी ग्रामपंचायत नव्हे, की नवे महसुली गावही नव्हे. सातबारा, घरपट्टी, सरपंच आणि सदस्य पूर्वीप्रमाणेच राहतात. ग्रामपंचायतीचे विभाजन ही निराळी प्रक्रिया आहे. पाड्याला मिळते ती स्वतःची ग्रामसभा. गौण वनोपजाची (मोह, तेंदू यांसारख्या जंगलातील उपजाची) मालकी, विकासकामांना आणि लाभार्थी निवडीला मंजुरी, भूसंपादनापूर्वीचा सल्ला, हे विषय तिच्यासमोर येतात. ग्रामसभेला स्वतःचा कोषही ठेवता येतो, म्हणून घोषणेनंतरच्या पहिल्याच बैठकीत बँक खाते उघडण्याचा आणि त्यावर कोणाच्या सह्या चालतील याचा ठराव विषयपत्रिकेवर घ्यावा.