पांढरा ग्लॅडिओलस

पांढरा ग्लॅडिओलस : केशर व आयरिस यांच्या कुळातील (इरिडेसी) कंदवर्गीय फुलझाड. पाते तलवारीसारखे, म्हणून लॅटिन ‘ग्लॅडियस’ (तलवार) या शब्दावरून हे नाव पडले. प्रजातीत सुमारे 300 जाती असून बहुतेक आफ्रिकेतल्या, त्यातही दक्षिण टोकाकडच्या आहेत. बागेत दिसतात ते मात्र संकर. लंडनच्या चेल्सी भागातील कोलव्हिल यांच्या रोपवाटिकेत 1823 साली झालेला संकर सुरुवातीच्या संकरांपैकी एक; ‘द ब्राइड’ हा नाजूक पांढरा वाण त्याच वंशातला. ‘व्हाइट प्रॉस्पेरिटी’ हा मोठ्या फुलांचा वाण आज सर्रास लावला जातो.

लागवड अवघड नाही. गोठवणारी थंडी सरली की दिवसभर ऊन मिळणाऱ्या, पाणी न साचणाऱ्या वाफ्यात कंद 10 ते 15 सेंमी. खोल लावतात. वरवर लावलेला कंद फुलदांड्याचा भार पेलत नाही आणि वाऱ्यात झाड आडवे होते. पसरट, चपट्या कंदापेक्षा आटोपशीर पण उंच, फुगीर कंद चांगला. फुले वाणानुसार साधारण 70 ते 100 दिवसांत येतात. सगळे कंद एकदम लावले तर बहरही एकदमच येऊन संपतो. दर पंधरवड्याला थोडे थोडे लावावेत.

खरी कसोटी रंगाची. लाल-जांभळ्या फुलांत खपून जाणारा डाग पांढऱ्यावर लगेच डोळ्यांत भरतो. पावसाने उडालेली माती, बुरशीचे ठिपके, सगळेच. पाण्याची धार फुलांवर न सोडता बुंध्याशी द्यावी, वाफ्यावर पेंढ्याचे आच्छादन घालावे. सर्वांत त्रासदायक फुलकिडे. पानांवर रुपेरी ओरखडे दिसले की ते आले समजावे. पुढे पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात, कळ्या उमलतच नाहीत. संशय आल्यास कळी कागदावर झटकावी : बारीक, लांबट किडे सरपटताना दिसतात.

फुले खालून वर उमलतात. खालची एक-दोन फुले रंग दाखवू लागताच दांडा कापतात, पण झाडावर निदान चार पाने राखावीत, कारण पुढचा कंद त्यांच्यावरच पोसतो. कापलेला दांडा आडवा ठेवू नये. काही तासांतच शेंडा वर वळतो आणि ते वाकणे पुढे सहसा जात नाही.

पांढरी फुले काही वर्षांनी रंगीत होतात, हा समज चुकीचा. मिश्र वाफ्यात जोमदार वाणांचे कंद वाढत जातात आणि पांढरे मागे पडतात, इतकेच. पाने पिवळी पडल्यावर झाड उपटले की नव्या टपोऱ्या कंदाच्या तळाशी गेल्या हंगामातला सुकलेला, चकतीसारखा जुना कंद चिकटलेला दिसतो, भोवती वाटाण्याएवढ्या कंदिका. जुना कंद टाकून नवा वाळवतात आणि कोरड्या, थंड जागी ठेवतात. कंदिकांना फूल यायला दोन-तीन हंगाम लागतात.