आई-वडिलांना, आजी-आजोबांना मुंबई दाखवायचीय? निघण्याआधी हे वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

जळगावातून मुंबईला फॅमिली टूर नेणारं आमचं छोटंसं ऑफिस आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याच्या वर लोकांचं बोलणं एकाच वाक्याने सुरू होतं, "आईला एकदा मुंबई दाखवायचीय." म्हणून हे माहितीपत्रक. तुम्ही आमच्याकडे बुकिंग करा नाहीतर स्वतःचं स्वतः जा, यातलं सगळं दोन्हीकडे उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक काम करा, घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की तुम्हाला नेमकं काय बघायचंय. हे कोणी विचारतच नाही हो. मुलगा मोबाईलवर बघून दहा जागांची यादी करतो, सून त्यात दोन शॉपिंगच्या घालते, नातवंडांचं वेगळंच असतं, आणि नाना किंवा माय गपचूप बसलेले असतात. विचारलं तरी पहिल्यांदा उत्तर येतं, "मना काय, तुम्ही फिरी या, मी आठेच बसस." म्हणजे माझं काय, तुम्ही फिरून या, मी इथेच बसून राहीन. तिथे थांबू नका. दुसऱ्यांदा विचारा, चहा घेताना विचारा, एकट्याला विचारा. बऱ्याच जणांच्या मनात एखादी जागा वर्षानुवर्षं असते आणि ती तुमच्या यादीत नसतेच.

भुसावळला रेल्वेत अख्खी नोकरी केलेले एक आजोबा आमच्याबरोबर आले होते. घरच्यांनी जुहू, मॉल, सी-लिंक असं सगळं ठरवलं होतं. आम्ही विचारलं तर म्हणाले, "मला फक्त व्हीटीची बिल्डिंग शांतपणे बघायचीय." त्यांचं म्हणणं असं की आयुष्यभर प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक बदली जिथून आली ते हेडक्वार्टर, आणि तिथे गेलो ते फक्त गाडी पकडायच्या घाईत. मग सकाळी त्यांना व्हीटी, म्हणजे आताच्या सीएसएमटी स्टेशनसमोर नेलं, रस्त्यापलीकडून ती घुमटाची पूर्ण बिल्डिंग दिसते तिथे. बांधकाम १८७८ ला सुरू झालं, दहा वर्षं चाललं, २००४ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, हे आम्ही सांगायला गेलो तर त्यांनीच पुढे सांगितलं की १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला गेली ती इथूनच, बोरीबंदरहून, तेव्हा ही इमारत नव्हतीच. जवळ गेल्यावर दगडी खांबावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. जुहूला नाही गेलो त्या दिवशी, कोणी विचारलंही नाही.

आता गाडीचं.

लोअर बर्थ हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो आणि बरेच लोक इथेच चुकतात. रेल्वेत लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, पुरुष ६० च्या वर आणि बाई ४५ च्या वर असेल तर, पण त्यात अट अशी की त्या तिकिटावर एकटं माणूस पाहिजे किंवा जास्तीत जास्त दोघं, आणि दोघंही त्या वयात बसणारे. तुम्ही काय करता, आई-बाबा, तुम्ही, बायको आणि दोन मुलं असं सहा जणांचं एकच तिकीट काढता आणि मग आई वरच्या बर्थवर. त्यामुळे आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा, लोअर बर्थ कोटा निवडून. याच्यात एक अडचण येते, त्यांचा डबा वेगळा आणि तुमचा वेगळा होऊ शकतो, तर गाडीत बसल्यावर कोणाशी तरी बदलून घरातलं एक माणूस त्यांच्याजवळ आणायचं, रात्री बाथरूमला उठले तर सोबत पाहिजे. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, सुट्ट्यांच्या दिवसांत पहिल्याच दिवशी काढलेलं बरं. सिनिअर सिटिझनची तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद झाली, ती धरून हिशोब करू नका.

एसटीत ७५ च्या पुढे तिकीट लागत नाही आणि ६५ ते ७५ ला अर्धं लागतं हे खरंय, पण म्हणून जळगाव ते मुंबई रात्रभर बसने नेऊ नका. पाय सुजतात, आणि बाथरूमसाठी बस थांबवायला आपली म्हातारी माणसं सांगतच नाहीत, दम धरून बसतात.

अमरावती एक्सप्रेस, विदर्भ एक्सप्रेस अशा रात्रीच्या गाड्या सकाळी मुंबईत पोचतात. रूम दादरला असली तरी आमचा सल्ला, उतरायचं सीएसएमटीलाच. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते, बॅगा, माणसं, गर्दी, त्यात आजी दारात अडकलेली आणि उतरल्यावर समोर पूल. सीएसएमटीला गाडी पुढे जातच नाही, निवांत सगळ्यात शेवटी उतरा, आणि प्लॅटफॉर्मवरून सरळ चालत रस्त्यावर येता येतं, एकही जिना नाही. गुडघेदुखीवाल्या माणसाला याच्यासारखं सुख नाही. परत येतानाही तिथूनच बसा. व्हीलचेअर लागणार असेल तर स्टेशनवर मागता येते, आदल्या दिवशी रेल्वेच्या १३९ ला फोन करून विचारून ठेवा.

लॉज बुक करताना "लिफ्ट आहे का" एवढंच विचारू नका. एका ठिकाणी आम्हाला फोनवर सांगितलं लिफ्ट आहे, गेलो तर लिफ्ट पहिल्या मजल्यापासून सुरू, आणि तिथपर्यंत जायला उंच उंच चौदा पायऱ्या, एका मावशींना खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून न्यावं लागलं, त्या बिचाऱ्या लाजेने रडायला लागल्या. तेव्हापासून आम्ही विचारतो, रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या, आणि फोटो मागवतो. कमोड आहे का ते विचारा, बाथरूमची फरशी घसरडी आहे का ते विचारा. आणि गाडी सकाळी पोचते पण रूम दुपारी बाराला मिळते असं बऱ्याच ठिकाणी असतं, मग रात्रभर प्रवास केलेली माणसं पाच-सहा तास रिसेप्शनच्या सोफ्यावर. एक रात्र जास्तीची लागली तरी चालेल पण रूम आदल्या रात्रीपासून घ्या, निदान एक तरी.

फिरायचं कसं, तर दिवसाला दोन जागा. सकाळी एक, संध्याकाळी एक, मधे जेवण आणि झोप. लोकांना हे पटत नाही, एवढा खर्च करून दोनच? आम्हीसुद्धा सुरुवातीला दिवसाला सहा-सहा जागा दाखवायचो आणि संध्याकाळपर्यंत म्हातारी माणसं गाडीतून उतरायचीच बंद व्हायची, सहा जागांपैकी चार त्यांनी काचेतूनच बघितल्या. ती आमची चूक होती आणि ती आम्ही सुधारली.

आपल्याकडच्या लोकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. जळगावला ४५ पर्यंत पारा जातो, त्यामुळे आजोबा म्हणतात मुंबईचं ३३ म्हणजे काहीच नाही. पण आपलं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो आणि अंग गार होतं. तिकडे हवेतच एवढी ओल असते की घाम वाळतच नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि माणूस अर्ध्या तासात गळून जातो. त्यात आजी पाणी पीत नाहीत, कारण बाथरूम कुठे मिळेल ही धास्ती. हे ओळखा. प्रत्येक जागेला पोचलो की आधी बाथरूम कुठे ते तुम्ही बघून या आणि त्यांना दाखवा, मग त्या आपोआप पाणी पितात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांना नेऊच नका.

जागांबद्दल आमचं स्पष्ट मत सांगतो.

गेटवे सकाळी लवकर. जागा सपाट आहे पण सावली नाही, बसायला फारसं नाही, अर्धा-पाऊण तास पुरे. घारापुरीची लेणी, म्हणजे एलिफंटा, गुडघे दुखणाऱ्यांसाठी नाहीच. लाँच एक तास, त्यात हलत्या लाँचवर पाय टाकायचा, पुढे जेटीपासून छोटी रेल्वे असते पण वर साधारण १२० पायऱ्या. खुर्चीची डोली मिळते, पण बऱ्याच आजींना माणसांच्या खांद्यावर बसणं आवडत नाही. घरातल्या तरुणांना जायचंच असेल तर जा, सोमवार सोडून, सोमवारी बंद असते, पण मग मोठ्यांजवळ कोण थांबणार ते आधी ठरवा.

गेटवेजवळचं मोठं म्युझियम, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दुपारच्या उन्हात बरं पडतं, सगळं बघायचा हट्ट नको. राणीची बाग आम्हाला फार आवडते, मोठमोठी जुनी झाडं, गार सावली, नातवंडांना पेंग्विन आणि आजी-आजोबांना बाकडं, तिन्ही पिढ्या खूश. फक्त बुधवारी बंद. मलबार हिलला कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीचा बूट आहे, ज्यांनी शाळेच्या सहलीत बघितला त्यांना नातवाला दाखवायचा असतोच.

सिद्धिविनायक मंगळवारी आणि संकष्टीला नको, गेलात तर ज्येष्ठांची वेगळी रांग आहे का ते गेटवरच विचारा. आता भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली, सीएसएमटीहून बसलं की थेट सिद्धिविनायक स्टेशन, एसी आणि लिफ्ट, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये तासभर अडकणं वाचतं. हाजीअलीला जायचं तर भरती-ओहोटीची वेळ बघून, मोठ्या भरतीत वाटेवर पाणी येतं, आणि चालणंही बरंच आहे.

एक जागा लोक सोडून देतात, ती मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे राहायचे. आपल्या खानदेशात १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, त्याच्या गोष्टी ज्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकल्यात अशा आजोबांना तिथे नेऊन बघा. गांधीजींची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, जिने चढवत नसतील तर खाली लायब्ररी बघा आणि तिथून जवळच ऑगस्ट क्रांती मैदान आहे तिथे गाडीने जा.

संध्याकाळ मात्र समुद्राची ठेवा, रोज ठेवली तरी चालेल. एरंडोलकडच्या एक आजी, वय ७८, समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. गिरगाव चौपाटीवर चप्पल काढली, लुगडं थोडं वर खोचलं, मुलाचा हात घट्ट धरून घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या, लाट मागे गेली आणि पायाखालची वाळू सरकली तर "माय वं!" करून खाली बघायला लागल्या. मग पिशवीतून औषधाची छोटी रिकामी बाटली काढली आणि पाणी भरून घेतलं, गल्लीतल्या बायांना चाखून दाखवायचं होतं की खरंच खारं असतं. ती बाटली त्या घरून घेऊन आल्या होत्या, म्हणजे किती दिवस मनात असेल बघा. अशा वेळी चला-चला करू नका. एक जास्तीचं लुगडं आणि टॉवेल गाडीत ठेवा.

लोकल दाखवायची हौस असेल तर दुपारी बारा ते तीनच्या मधे, सीएसएमटीहून बसून दोन-चार स्टेशनं. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अजिबात नाही. आणि रिक्षा पकडू म्हणाल तर वांद्रे आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे सीएसएमटीच्या बाजूला, मुंबईत रिक्षा नाहीच, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. पाच-सहा जण असाल तर दिवसभरासाठी गाडीच ठरवा, उतरायला जिथे लागेल तिथे उतरता येतं आणि आजींना मधेच पडावंसं वाटलं तर सीट असते. गाडी उंच असली तर पाय ठेवायला छोटा लाकडी पाट आम्ही डिकीत ठेवतो, तुम्हीही ठेवा.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नका पण पहिल्या दिवसाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घरून न्या. दादरला उतरलं तरी आपली दादरची, म्हणजे दादर ज्वारीची, भाकरी तिथे सहज मिळेल असं नाही. शुगरवाल्यांचं जेवण वेळेवर झालं पाहिजे, ट्रॅफिकमध्ये अडकलो तर बिस्किटं खिशात.

औषधं मोठ्या बॅगेत कधीच नाही, खांद्यावरच्या पिशवीत, मूळ पाकिटासकट, दोन दिवसांची जास्तीची. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये. लघवीची गोळी असते काहींना, ती फिरायचं म्हणून मनाने बंद करतात, तसं करू नका, निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा की प्रवासात वेळ बदलता येईल का. मोठ्यांच्या खिशात एक चिठ्ठी, त्यावर नाव, लॉजचा पत्ता, तुमचा नंबर, चालू असलेली औषधं, मोबाईल असला तरीसुद्धा. अँब्युलन्सचा नंबर १०८.

आमच्याकडे बुकिंगला याल तेव्हा मोठ्यांचं आधार कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि शक्य असेल तर त्यांनाच सोबत घेऊन या. ऑफिस रस्त्याला लागून तळमजल्यावर आहे, पायरी एकच, आणि हाताची खुर्ची ठेवलेली आहे. त्यांना काय बघायचंय ते त्यांच्याच तोंडून ऐकून मगच आम्ही कागदावर लिहायला घेतो.