चेनवर धावणारी फ्रेझर नॅश

सायकलला असते तशी चेन लावून कुणी शर्यतीची मोटार बनवेल का? इंग्लंडात बनवली, आणि ती उत्तम धावली. आर्चिबाल्ड फ्रेझर-नॅश आणि एच. आर. गॉडफ्रे यांनी 1910 मध्ये 'जीएन' या हलक्या गाड्या काढल्या. 1920च्या दशकात फ्रेझर-नॅश वेगळे झाले, तेव्हा चेनची कल्पना त्यांच्यासोबत 'फ्रेझर नॅश' या नव्या गाडीत आली.

या गाडीत नेहमीचा गिअरबॉक्स नाही. इंजिनाची ताकद सीटखालच्या भागात एका आडव्या दांड्याला फिरवते. त्या दांड्यावर लहानमोठी दातेरी चक्रं, आणि प्रत्येक चक्रावरून एक चेन थेट मागच्या आसावर. जितके पुढचे गिअर, तितक्या चेन. गाडी धावत असताना सगळ्याच चेन फिरतात; ताकद मात्र एकच वाहते, कारण बाकीची चक्रं दांड्यावर मोकळी असतात. खाचेत खाच अडकवून हवं ते चक्र दांड्याशी जोडलं, की गिअर पडला. सरावलेल्या हाताला हे क्षणात जमतं. गिअरचं प्रमाण बदलायचंय? चक्र बदला.

खड्ड्यात आस वर-खाली झाला तरी चेन सैल कशी पडत नाही? आसाला धरणारे दांडे त्या आडव्या दांड्यापाशीच झुलतात, त्यामुळे दोघांतलं अंतर कायम राहतं. मला या गाडीतली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

वळणावर दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा, म्हणजे डिफरेन्शियलही नाही. बैलगाडीची चाकं कण्यावर आपापली फिरतात. इथे दोन्ही मागची चाकं एकाच आसाला घट्ट. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत साडेतीन फूट धरले, तर काटकोनी वळणात हा फरक साडेपाच फुटांचा होतो. वळण मोठं असो वा लहान, फरक तेवढाच! म्हणून मागची चाकं मुद्दाम जवळ घेतली, म्हणजे फरक घटला. उरलेला फरक टायर घसरून भरून काढतो. चिखलाच्या चढावर मात्र हेच वरदान: एक चाक नुसतं गरगरत बसत नाही, दोन्ही मिळून ओढतात.

1934 पासून कंपनी बीएमडब्ल्यू गाड्याही ब्रिटनमध्ये आणू लागली आणि चेनच्या गाड्या मागे पडल्या. त्या सगळ्या मिळून साधारण साडेतीनशेच बनल्या. ज्यांच्याकडे त्या आहेत, ते 'चेन गँग' म्हणवून घेतात आणि उघड्या चेनना आजही स्वतःच्या हातानं तेल घालतात.