पावसाचं टिपण, मिरजेचा केसपेपर

कणकुंबीकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. त्याच बेळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अथणीकडे, कोरड्या वर्षी टँकरची वाट बघतात. अशा जिल्ह्यात हवामानवाले आणि डॉक्टर यांनी एकत्र बसावं, असं हल्ली वारंवार सुचवलं जातं. सूचना चांगली आहे, पण नवी नाही.

हवामान खातं १८७५ साली निघालं ते वादळांच्या आणि दुष्काळांच्या धसक्याने. रोगराईशी त्याची गाठ पडली ती पंजाबात. १९०८ साली तिथे हिवतापाने माणसं पटापट मेली. सरकारी सेवेतले डॉक्टर क्रिस्टोफर्स यांनी १९११ च्या अहवालात मांडलं की नुसत्या जास्त पावसाने एवढे बळी जात नाहीत. आधी धान्य महागलेलं असतं, माणसं अर्धपोटी असतात, आणि त्यावर ताप येतो. पुढे गिल नावाच्या डॉक्टरांनी पावसाचे आकडे, गव्हाचा भाव आणि लहान मुलांची वाढलेली पाणथरी (प्लीहा; वारंवार हिवताप आला की ती फुगते) यांची सांगड घालून साथीचा अंदाज आधीच वर्तवायला सुरुवात केली. मला यात गव्हाचा भाव सगळ्यात मोलाचा वाटतो. आज ‘आरोग्य-समता’ म्हणतात ती शंभर वर्षांपूर्वी बाजारभावाच्या रूपाने हिशेबात होती. १९५३ पासून देशभर हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि हे सगळं मागे पडलं.

धागा पुन्हा सापडला अहमदाबादेत. मे २०१० च्या उष्णतेत तिथे नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला. शहरात किती अंशांवर मृत्यू वाढतात ते पाहून इशाऱ्याचे रंग ठरले.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीला तोच आराखडा जसाच्या तसा चालणार नाही. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. मैदानी भागात पारा ४० वर गेल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत. तंबाखूच्या वखारीत पत्र्याखाली बसलेली बाई मात्र तोंडाला पदर बांधून चाळण हलवत असते. खकाणा उडतो म्हणून पंखासुद्धा नको असतो. बाहेर ३८ असेल तर तिच्यासाठी इशारा नाही. तिला किती अंशांवर चक्कर येते हे तिच्या डॉक्टरला ठाऊक असतं, पण तो आकडा कुणी मागत नाही.

यात सरहद्दीची भर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. भाषेचा वाद इथे काढत नाही, पण त्या दिवसापासून इथली आरोग्याची दप्तरं म्हैसूरच्या, म्हणजे आताच्या कर्नाटकाच्या कारभारात गेली. माणसं तिकडे वळली नाहीत. अथणीचा पेशंट आजही मिरज गाठतो, निपाणीचा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातो. २००४ पासून देशभर साथरोगांची पाहणी चालते, ती राज्यवार. म्हणजे गाव कर्नाटकातलं आणि केसपेपर महाराष्ट्रात.

नद्यांना हे कसं कळावं? २०१९ आणि २०२१ च्या पुरात वेदगंगेने यमगर्णीजवळ महामार्गच बंद पाडला. चिकोडीच्या नदीकाठी लोक कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाइलवर बघत असतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे पोरांनाही पाठ आहेत. पाणी ओसरल्यावर येणाऱ्या तापाचा असा आकडा नाही. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप बहुधा चिखल तुडवल्यावर आठ-पंधरा दिवसांनी येतो, म्हणजे हाताशी थोडा वेळ असतो. तो टाळण्यासाठी देतात त्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या कोणत्या गावात आधी पोचवायच्या, हे त्या ४३ फुटांवरून ठरवता येईल. केसपेपर जमेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर त्यातले कितीतरी मिरजेत पडलेले असतात.