वीनर, लिओ

(१८६२–१९३९). अमेरिकेतील विद्यापीठांत रशियन साहित्याच्या अभ्यासाचा पाया घालणारे भाषापंडित व अनुवादक. जन्म बियाविस्टॉक येथे (तेव्हा रशियन साम्राज्यात, आता पोलंडमध्ये), ज्यू कुटुंबात. १८८२ मध्ये ते अमेरिकेला निघाले ते प्राध्यापकी करायला नव्हे, तर मध्य अमेरिकेत शाकाहारी मंडळींची वसाहत वसवायला. तो बेत बारगळला. न्यू ऑर्लिन्सला उतरल्यावर पोटासाठी मिळेल ती अंगमेहनत केली, पुढे कॅन्सस सिटीत शाळामास्तर झाले आणि मग मिसूरी विद्यापीठात भाषा शिकवू लागले.

१८९६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना स्लाव भाषा (रशियन, पोलिश इत्यादी) शिकवण्यासाठी नेमले. यामागे इतिहासकार आर्चिबाल्ड कूलिज यांचा आग्रह होता. रशियाचा इतिहास शिकवायचा तर भाषाही शिकवली पाहिजे, हे त्यांनी विद्यापीठाच्या गळी उतरवले. ग्रंथालयासाठी स्लाव पुस्तके तर पदरमोड करून घेतली. अमेरिकेतील स्लाव साहित्याचे पहिले प्राध्यापक म्हणून वीनर यांचे नाव घेतले जाते.

नेमणूक झाली, पण विद्यार्थ्यापुढे ठेवायला इंग्रजीत फारसे काही नव्हते. टॉलस्टॉय, तुर्गेनेव्ह हे कादंबरीकार वाचले जात. त्यांच्या आधी रशियात कोणी काही लिहिले होते, याचीच दखल नव्हती. वीनर यांनी दोन खंडांत रशियन साहित्याचे वेचे इंग्रजीत काढले. १९०२ चा पहिला खंड दहाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा, १९०३ चा दुसरा एकोणिसाव्या शतकाचा. त्यांचे खरे मोठे काम हेच. प्रसिद्धी मिळाली ती त्यांनी केलेल्या टॉलस्टॉयच्या भाषांतराच्या २४ खंडांना (१९०४–०५). नुसती नक्कल करायची म्हटली तरी हात भरून यावेत एवढा हा मजकूर, आणि घाई भाषांतरात दिसते. पुढे वाचकांनी लुईझ व एल्मर मॉड यांची भाषांतरे जवळ केली, ते बरोबरच झाले.

यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) साहित्यावरही त्यांनी १८९९ मध्ये इतिहासग्रंथ लिहिला. त्याआधीच, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यांत राबणाऱ्या मॉरिस रोझेनफेल्डच्या कविता त्यांनी इंग्रजी गद्यात आणल्या होत्या. शब्दांच्या व्युत्पत्तीचा नाद मात्र त्यांना भलतीकडे घेऊन गेला: कोलंबसाच्या आधीच आफ्रिकी लोक अमेरिकेत पोचले होते, असे सांगणारे तीन खंड त्यांनी १९२०–२२ मध्ये काढले. अभ्यासकांनी ते मत मानले नाही.

सायबरनेटिक्सचे (यंत्रे व सजीव यांतील नियंत्रण व संदेशवहनाच्या शास्त्राचे) जनक नॉर्बर्ट वीनर हे त्यांचे पुत्र. नॉर्बर्ट यांचे बरेचसे बालशिक्षण वडिलांनी घरीच, कडक शिस्तीत केले. रशियनचा अभ्यास हार्वर्डबाहेरही गेला: हार्वर्डमध्ये शिकलेले जॉर्ज रॅपल नॉइस सेंट पीटर्सबर्गला राहून आले आणि १९०१ पासून कॅलिफोर्नियातील बर्कलीत रशियन शिकवू लागले. पश्चिम किनाऱ्यावर हा विषय रुजला तो त्यांच्यामुळे. १९३० मध्ये वीनर निवृत्त झाल्यावर हार्वर्डचे काम सॅम्युएल क्रॉस यांनी पुढे चालवले.