आजी घसरली की बेशुद्ध होऊन पडली?

पावसाळ्यात डिचोली-फोंड्याकडे कोणाच्या घरी म्हातारं माणूस पडलं की कारण ठरलेलंच, शेवाळावरून पाय घसरला, आणि अंगणात शेवाळ असतंच त्यामुळे पुढे कोणी विचारत पण नाही. पण वय झालेल्यांच्या बाबतीत एक भानगड असते, काही सेकंद शुद्ध हरपली तर ते त्यांना नंतर आठवतच नाही, म्हणजे आजी "घसरले गो" म्हणते ते खोटं नसतं, तिला तसंच वाटत असतं. जमीन कोरडी होती, सावरायला हात पुढे आला नाही, थेट तोंडावर आपटली, असं असेल तर मला तरी संशय येतो.

मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की साधारण 6 ते 10 सेकंदांत माणूस कोसळतो. देवळातल्या गर्दीत उभं राहून घाम फुटणं, मळमळणं, डोळ्यापुढे अंधारी येणं हा बहुतेक वेळा नसांचा खेळ, फारसा धोक्याचा नाही. कोणाचं उठून उभं राहिल्यावर 3 मिनिटांत वरचं बीपी 20 किंवा जास्त उतरतं, ते बीपी मोजूनच कळतं. भीती असते ती हृदयाची, ठोके मध्येच काही सेकंद थांबतात किंवा एकदम सुसाट सुटतात, आणि पूर्वसूचना बऱ्याचदा काहीच नाही.

मग ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो, सगळे खूश. अहो पण तो 10 सेकंदांचा असतो! 10 सेकंद स्टँडवर उभं राहून कदंबा बस येतच नाही म्हणण्यासारखं झालं हे. म्हणून होल्टर लावतात, म्हणजे अंगावर घेऊन फिरायचं, ठोके सतत नोंदवणारं यंत्र, 24 ते 48 तास. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाचं पहिलं यंत्र सुमारे 38 किलोचं होतं, पाठीवर घेऊन फिरायचं, आता छातीला चिकटवायचा पॅच मिळतो आणि तो 14 दिवसांपर्यंत चालतो, फक्त आपल्याकडच्या घामात तो सुटणार नाही ना बघायला लागतं. महिनोन्‌महिन्यांनी एकदा पडणाऱ्याला 14 दिवस पण कमीच, त्याला छातीच्या कातडीखाली ठोके नोंदवणारा बारीकसा लूप रेकॉर्डर बसवतात, बॅटरी 3 वर्षं तरी जाते. आणि हातातलं स्मार्टवॉच? त्याचा ईसीजी साधारण बोट टेकवलं तरच निघतो, बेशुद्ध माणूस बोट कसा टेकवणार?

यंत्र लावलं म्हणजे झालं असं पण नाही, चक्कर आली की बटण दाबायचं, वेळ आणि काय करत होतो ते वहीत लिहायचं, कारण ठोक्यांच्या नोंदीत काही वेगळं दिसलं म्हणून पडण्याचं कारण तेच असेल असं नाही, झोपेत दोनेक सेकंदांचा खंड धडधाकट माणसातही दिसू शकतो. लक्षण आणि नोंद एकाच वेळची जुळली पाहिजे. आणि पडली त्याच क्षणी ठोके व्यवस्थित होते असं दिसलं तर तेही उपयोगाचंच, मग बीपीच्या गोळ्या, साखर, फिट्स हे नीट तपासता येतं. मात्र पळताना किंवा आडवं असताना शुद्ध गेली, आधी छातीत धडधडलं, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर मॉनिटरची अपॉइंटमेंट बघत बसू नका, सरळ 108 लावा नाहीतर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात न्या.