इम्युनिटीची 'उधारी' आणि त्यामागचा जुना घोळ

लॉकडाऊनमध्ये मुलं आजारी पडली नाहीत म्हणून त्यांच्या इम्युनिटीची 'उधारी' झाली, असं कोविडनंतर बोललं जाऊ लागलं, पण त्यामागचा घोळ जुना आहे. 'इम्युनिटी वाढवा' हा जो धोशा आहे त्याला खरा जोर आला १९७० मध्ये. दोन नोबेल मिळालेल्या एका केमिस्टने पुस्तकच लिहिलं की व्हिटॅमिन सीचे मोठे डोस रोज घ्या आणि सर्दी टाळा. पुढे ११ हजारांवर लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर रोज गोळी घेऊनही सामान्य माणसाला सर्दी तेवढ्याच वेळा होते, फक्त मोठ्यांमध्ये साधारण ८ टक्के लवकर बरी होते, म्हणजे आठवड्याची सर्दी अर्धा दिवस आधी जाते. मॅरेथॉनवाले, कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक यांच्यात मात्र ती निम्म्यावर आली, पण तुमचं आमचं काय.

सर्दीवरचाच २०१५ चा प्रयोग मला जास्त पटतो. १६४ जणांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने मोजली, मग नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि हॉटेलात वेगळं ठेवून बघत बसले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांपेक्षा सर्दी होण्याची शक्यता चौपट निघाली.

या घोळाचा दुसरा धागा १९८९ चा. १९५८ मध्ये जन्मलेल्या १७ हजारांवर ब्रिटिश मुलांच्या नोंदींत दिसलं की मोठी भावंडं जितकी जास्त तितकी परागकणांची ॲलर्जी कमी, म्हणून अंदाज बांधला की लहानपणीची इन्फेक्शन्स उपयोगी पडत असावीत. लोकांनी त्याचं 'हात धुवू नका, आजारी पडू द्या' करून टाकलं. २००३ मध्ये दुरुस्ती सुचवली गेली की प्रश्न गोवर-सर्दीचा नाहीच, माणसासोबत पूर्वापार राहिलेल्या निरुपद्रवी जंतूंचा आहे. पण ती दुरुस्ती फार कोणापर्यंत पोचलीच नाही.

म्हणूनच २०२१ मध्ये 'प्रतिकारशक्तीची उधारी' हा शब्द आला तेव्हा लगेच रुजला. लॉकडाऊन, मास्क यामुळे बऱ्याच देशांत आरएसव्हीचा, म्हणजे लहान मुलांच्या श्वासनलिका सुजवणाऱ्या एका विषाणूचा, सीझन गायबच झाला होता, मग तो भलत्याच महिन्यात परतला आणि २०२२ च्या शेवटी मुलांचे वॉर्ड भरले. ज्यांनी शब्द काढला त्यांचा मुद्दा समाजाचा होता, एका मुलाचा नाही. एरवी दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्या मुलांना आरएसव्ही होऊन जातो, इथे एकदाही न झालेल्या मुलांची संख्या साचली, शिवाय आयांनाही मधल्या काळात तो न झाल्याने बाळाला नाळेतून मिळणाऱ्या अँटिबॉडीज कमी पडल्या. हिशोब एवढाच. पण बोलताना त्याचं झालं 'मास्कने पोरांची इम्युनिटी मेली', आणि हे साफ चूक आहे, इम्युन सिस्टीम काही स्नायू नाही न वापरल्याने वाळायला, आणि घरात बसलेल्या मुलाच्या पोटात, त्वचेवर, खाण्यात जंतू होतेच की. उलट बाजूने काहीजण म्हणत होते की कोविडनेच मुलांची शक्ती चोरली, त्यालाही भक्कम पुरावा मला दिसलेला नाही. माझ्या मते शब्दच वाईट निवडला, उधारी म्हटलं की ती फेडायला मुद्दाम आजारी पडावं असं वाटतंच, आणि तान्ह्या बाळाला आरएसव्ही लवकर होण्यात फायदा काहीच नाही, त्याच्या श्वासनलिका इतक्या बारीक की सुजल्या की ऑक्सिजन लावायची वेळ येते.

२०२३ मध्ये गरोदरपणात आईला द्यायची आरएसव्हीची लस काही देशांत मंजूर झाली. त्यात बाळाला आजारी न पाडताच आईच्या त्याच अँटिबॉडीज नाळेतून पोचतात, जन्मानंतरचे पहिले सहाएक महिने.